भारी खेळाडूसमोर बसा



शाळेच्या बक्षिसांच्या यादीत बुद्धिबळाची नावं ऐकली आणि ठरवलं, आज त्यावरच बोलायचं.

मोठ्या खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. पहिल्या फेरीत रेटिंगनुसार लावलेल्या यादीतला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो. 100 खेळाडू असले तर पहिल्याची गाठ 51व्याशी. म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-देवरीचं नवखं पोर पहिल्याच दिवशी आपल्याहून कितीतरी भारी खेळाडूसमोर बसतं. भिंतीवर जोड्यांचा कागद लागला की मुलं समोरच्याचं रेटिंग वाचतात आणि तिथंच हातपाय गाळतात. पंच म्हणून मला हे पाहवत नाही. कारण हिशेब तुमच्याच बाजूचा आहे! 18 वर्षांखालचा नवा खेळाडू 400 रेटिंग गुणांनी वरच्या खेळाडूशी हरला, तर त्याचे जेमतेम 3 गुण जातात. जिंकला तर 36-37 मिळतात, बरोबरीलाही 17च्या आसपास.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बघा. 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक झाला, तेव्हा तिचं मानांकन होतं पंधरावं. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म हाती नव्हता. तिने दुसरं मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनेरला हरवलं, मग भारताच्याच हरिकाला, मग माजी विश्वविजेत्या तान झोंगयीला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पी. दिव्याच्या जन्माआधी तीन वर्षं, 2002 मध्येच हम्पी ग्रँडमास्टर झाली होती. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही. 28 जुलैच्या दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाच्या दडपणाखाली हम्पी चुकली आणि एकोणीस वर्षांच्या दिव्याने ती संधी सोडली नाही. त्या विजयाने ती थेट भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. आईच्या गळ्यात पडून रडली ती पोरगी, तेव्हा विदर्भातल्या किती घरांत डोळे भरून आले!

मित्रांनो, भारी खेळाडू समोर आला की पाचव्या चालीला बरोबरी मागू नका. पूर्ण डाव खेळा, प्रत्येक चाल लिहा. हरलात तर त्यालाच विचारा, माझं कुठे चुकलं? बहुतेक जण आनंदाने सांगतात.

आणि पालकांना, सरांना हात जोडून विनंती. गोंदियाहून नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. मुलांना फक्त शालेय स्पर्धांत अडकवू नका. यंदा एका तरी खुल्या स्पर्धेत उतरवा.