सागरतळाचे तेल



देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल आपण आयात करतो. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने शोधलेल्या ‘मुंबई हाय’चे मोल त्यावरून ध्यानी यावे. तेथे पाणी अवघे 75 मीटरच्या आसपास. तळावर पोलादी मनोरे उभारता येतात, पाणबुडेही उतरू शकतात. काकीनाड्यासमोरील ज्या क्षेत्रातून जानेवारी 2024 मध्ये तेल येऊ लागले, तेथे मात्र खोली शेकडो मीटर. दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. तळाच्या झडपा दूरनियंत्रित यंत्रांनीच हाताळाव्या लागतात. शिवाय तेथील तेल मेणयुक्त! ते थंडीने गोठू नये म्हणून नळीत नळी घालावी लागली.

यंत्रांचे हे कौतुक रास्तच. परंतु जीवितहानी झाली ती उथळ समजल्या जाणाऱ्या ‘मुंबई हाय’वर. 27 जुलै 2005 रोजी एका जखमीला उतरविण्यासाठी आलेले साहाय्यक जहाज फलाटाच्या वायुनलिकेवर आदळले. आगीत फलाट नष्ट झाला, 22 जण दगावले. 17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळात ‘पी-305’ हा बार्ज बुडाला आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली. वादळाची पूर्वसूचना होती, हे विशेष.

आपल्या बेतुल येथे फेब्रुवारी 2024 मध्ये सागरी बचाव प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन झाले. त्याचा लाभ शेवटच्या कंत्राटी कामगारापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि पूर्वसूचना मिळताच काम थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे कंत्राटातच लिहिलेले असले पाहिजे.