बोली लागली, पण पैसे कुणाच्या खात्यात?

(परसबागेच्या लिलावाची तयारी म्हणून प्रभागसंघाच्या मासिक सभेत बँक सखीने केलेले हे मार्गदर्शन. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत.)



विषयपत्रिकेत लिहिलंय, ‘लिलावात ऑनलाईन पैसे कसे घ्यावेत’. स्कॅन कसं करायचं ते तर तुमच्या घरातली शाळेत जाणारी पोरंही दाखवतील. यूपीआय २०१६ साली सुरू झालं. आज आठवडी बाजारात मेथीची जुडी घेतली तरी भाजीवालीपुढे क्यूआरची पाटी असते. म्हणून मी आज बोलणार आहे ते स्कॅन केल्यावर पुढे काय होतं त्यावर. पैसे कुणाच्या नावावर जातात, ते आले हे कुणी बघायचं आणि वहीत कसं लिहायचं.

आपला लिलाव साध्या विक्रीसारखा नसतो, हे आधी लक्षात घेऊ. बाजारात तीस रुपयांना मिळणारा दुधी भोपळा लिलावात अडीचशेला जातो. घेणाऱ्याला माहीत असतं की भोपळा तीसचाच आहे. वरचे दोनशेवीस तो ग्रामसंघाच्या कामाला देतो, रोपवाटिकेच्या शेडनेटला देतो. गावठी वालाच्या बियाण्याची पुडी असेल तर तिचं मोल आणखी वेगळं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच गावठी बियाण्यांच्या जतनासाठी. तर असा विश्वासाने दिलेला पैसा आपल्या हातात येतो. तीसच्या भोपळ्याचे अडीचशे देणारा माणूस नंतर एकच प्रश्न विचारतो, “ते पैसे गेले कुठं?” त्याचं उत्तर आपल्याकडे लिहिलेलं पाहिजे.

आता रोख पैशाचं बघा. रोख पैसा टेबलावर सगळ्यांसमोर येतो, डब्यात पडतो, संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजला जातो. ऑनलाईन पैसा दिसत नाही. तो थेट कुणाच्या तरी खात्यात जाऊन पडतो. मग ते खातं कुणाचं?

बऱ्याच ठिकाणी काय होतं, घाईघाईत कोषाध्यक्षताईचा नाहीतर तिच्या मुलाचा फोनपेचा क्यूआर लावला जातो. तिच्या मनात काही वाईट नसतं. पण आठ दिवसांनी तिच्या खात्यातून गॅसचे पैसे गेलेले असतात, कर्जाचा हप्ता कापलेला असतो, मुलाने रिचार्ज मारलेलं असतं. समूहाचा पैसा आणि घरचा पैसा एकाच मडक्यात गेला की तो वेगळा काढणं अवघड. हिशेब जुळला तरी कुजबुज होते. आणि कुजबुज झाली की चांगली काम करणारी बाई पद सोडते. असं नुकसान भरून काढायला वर्षं जातात.

म्हणून पहिली गोष्ट. लिलावाचा क्यूआर ग्रामसंघाच्या खात्याचाच हवा. तुम्ही म्हणाल, ताई, आमचं खातं तर दोन सह्यांचं. बरोबर आहे. ज्या खात्यातून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात ते खातं मोबाईलमधल्या ॲपला साधारणपणे जोडता येत नाही, आणि ते आपल्या भल्याचंच आहे. पण फक्त पैसे जमा करून घेणारा क्यूआर बँकेकडून त्या खात्यासाठी मागता येतो. दुकानदाराला देतात तसाच. त्यातून पैसे आत येतात, बाहेर काढायचे तर दोन सह्या लागतातच. आपली शिस्तही राहते आणि सोयही होते.

त्यासाठी ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करा. ठरावात तीन गोष्टी लिहा : क्यूआर कोणत्या खात्याला जोडायचा, पैसे आल्याचा मेसेज कोणत्या मोबाईलवर येणार, आणि तो मोबाईल कुणाकडे राहणार. ठरावाची प्रत, पासबुक आणि सहीचा अधिकार असलेल्या ताईंची कागदपत्रं घेऊन शाखेत जा. आणखी काय लागतं ते तिथेच विचारा, प्रत्येक बँकेची पद्धत थोडी वेगळी असते. हे काम लिलावाच्या आदल्या दिवशी होत नाही. निदान महिनाभर आधी लागा.

मोबाईल नंबरचं मी मुद्दाम सांगते. घरी गेल्यावर प्रत्येक ग्रामसंघाने तपासा की बँकेत आपल्या खात्याला कोणता नंबर लावलेला आहे. पुष्कळदा तो दोन वेळा आधीच्या सचिवताईचा निघतो. नाहीतर तिच्या मालकांचा, आणि ते कामाला बाहेरगावी. मग इथे पैसे जमा होतात आणि मेसेज तिकडे वाजतो. पदाधिकारी बदलल्या की सह्या बदलतो तसा नंबरही बदलून घ्यायचा.

खर्चाचं विचाराल तर, बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर घेणाऱ्याकडून शुल्क कापायचं नाही, असा नियम जानेवारी २०२० पासून आहे. पण पैसे आल्यावर बोलणारा जो डबा असतो, साउंडबॉक्स, त्याचं महिन्याचं भाडं असू शकतं. वर्षातून एकदा लिलाव करणाऱ्या ग्रामसंघाने ते भाडं परवडतं का याचा विचार करावा. शिवाय माईक, टाळ्या, पोरांचा गोंगाट यात तो डबा ऐकूही येत नाही. मेसेज बघणारी एक हुशार ताई पुरते. आणखी एक विचारून ठेवा. काही क्यूआरचे पैसे लगेच खात्यात येतात, काहींचे दिवसाअखेर किंवा दुसऱ्या दिवशी एकत्र येतात. हे माहीत नसलं की पासबुक बघून उगाच घाबरगुंडी उडते.

आता लिलावाच्या दिवसाकडे येऊ. टेबल कुठे मांडायचं ते सावली बघून ठरवतो, तसं रेंज बघूनही ठरवा. देवळाच्या मागे रेंज नसेल तर पैशाचं टेबल पुढे पाराजवळ आणा. सकाळी क्यूआरवर एक रुपया टाकून बघा. स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतंय ते मोठ्याने वाचा. ग्रामसंघाचं नाव आलं तर ठीक. आपल्या पाटीवर दुसऱ्याच कुणाचा क्यूआर चिकटवून जाणारे लोक असतात, म्हणून दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा तपासा.

कामं वाटून घ्या. एक ताई बोली पुकारेल. दुसरी वस्तूचा नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम वहीत लिहील. पैशाच्या टेबलावर मात्र दोघी हव्यात, एक रोखीची आणि एक मोबाईलची. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झालं की वस्तू लगेच हातात द्यायची नाही. तिला नंबराची चिठ्ठी लावायची. घेणारा टेबलावर येतो, पैसे देतो, पावती घेतो, मग वस्तू घेतो. भोपळा आधी आणि पैसे नंतर असं झालं की गर्दीत विसरायला होतं, माणूस लबाड नसला तरी.

घेणारा त्याच्या फोनचा पडदा दाखवतो, हिरवी खूण दाखवतो, म्हणतो, “हे बघा, गेले.” आपण म्हणायचं, “दादा, तुमच्याकडून गेले, आमच्याकडे येऊ द्या.” खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲप आहेत, जुना स्क्रीनशॉट दाखवणारेही आहेत. आपल्या मोबाईलवर मेसेज आला किंवा क्यूआरच्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच पावती फाडायची. यात कुणाचा अपमान नाही. सरपंच असोत की आपला सख्खा दीर, नियम सगळ्यांना एकच ठेवला की कुणाला राग येत नाही.

पावतीवर आणि वहीत त्या व्यवहाराचा नंबर लिहा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी नंबर असतो. सगळे बारा लिहिणं जमलं नाही तर शेवटचे चार तरी लिहा. पुढे कुणी म्हणालं, “मी दिले होते की,” तर वाद घालायचा नाही. नंबर काढायचा आणि बघायचं.

कधी कधी पैसे मध्येच अडकतात. त्यांच्या खात्यातून गेले, आपल्याकडे आले नाहीत. अशा वेळी पुन्हा पैसे टाका असं लगेच म्हणू नका. वस्तू बाजूला ठेवा, वहीत ‘अडकले’ असं लिहा. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. दुकानाच्या क्यूआरवर पाठवलेल्या पैशाची खात्री झाली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हे घेणाऱ्याला समजावून सांगितलं की त्याचाही जीव शांत होतो.

फसवणुकीबद्दल एकच वाक्य पाठ करा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. कुणी फोन करून म्हणालं, “तुमची सगळी रोपं घेतो, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका,” की समजा, तो आपलेच पैसे काढतोय. फौजी असल्याचं सांगेल, साहेब असल्याचं सांगेल, फोन ठेवून द्या. दुसरा प्रकार असा, “ताई, चुकून पाचशेच्या जागी पाच हजार गेले, साडेचार परत पाठवा.” आपल्या घरच्या मोबाईलवरून एक रुपयाही परत पाठवायचा नाही. आधी ग्रामसंघाच्या खात्यात खरंच पाच हजार आलेत का ते बघायचं. आले असतील तर बँकेत विचारून, ठराव करून, खात्यातूनच परत करायचे. तरीही कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

मला एक काळजी बोलून दाखवायची आहे. ऑनलाईन आलं म्हणून रोख बंद करू नका. आपल्या आजीबाईंकडे कनवटीला वीस-पन्नास रुपये असतात आणि त्यांनाही बोली लावायची असते. पुण्या-मुंबईचे पाहुणे व्हिडिओ कॉलवरून हजाराची बोली लावतील, आनंद आहे, पैसे आधी घ्या आणि वस्तू ठेवून द्या. पण काही वस्तू कमी किमतीपासून सुरू करा आणि त्या इथे समोर बसलेल्यांसाठीच ठेवा. साधा फोन असणाऱ्यांना *९९# वरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात, तेही सांगा. आणि ज्या ताईकडे स्वतःचा फोन आहे तिने आपला पिन आपल्याकडेच ठेवावा. खातं तिचं, बोली तिची, तर बोटही तिचंच असू द्या.

शेवटचं काम संध्याकाळचं. उठायच्या आधी तिथेच बेरीज करा. समजा बोलीची एकूण बेरीज १४,२०० झाली. डब्यात रोख ५,१५० निघाले. मोबाईलवर ७,८५० दिसले. म्हणजे आले १३,००० आणि येणे १,२००. येणे कुणाकडून, ती नावं त्याच पानावर. खाली तिघींच्या सह्या. रोख रक्कम दुसऱ्या दिवशी त्याच खात्यात भरायची आणि चार दिवसांनी पासबुक भरून आणून त्या पानाशी ताडून बघायचं. आकडे जुळले की पुढच्या बैठकीत पान मोठ्याने वाचून दाखवायचं. हिशेब नियमित लिहिणं हे आपल्या पंचसूत्रीतलंच सूत्र आहे, आपण नवीन काही करत नाही. वहीत फक्त ‘ऑनलाईन’ नावाचा एक रकाना वाढवायचा आहे.

येणे राहिलंच तर मागायला लाजू नका. सगळ्यांसमोर लावलेली बोली म्हणजे दिलेला शब्द असतो. पंधरा दिवसांची मुदत लिलावाच्या सुरुवातीलाच माईकवरून सांगून टाका, म्हणजे नंतर कुणाच्या दारात जायला संकोच वाटणार नाही.

पुढच्या मासिक सभेला येताना प्रत्येक ग्रामसंघाने दोन गोष्टी आणायच्या : खात्याला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे ते लिहून, आणि क्यूआरच्या ठरावाची प्रत. ज्यांचं बँकेत काही अडलं असेल त्यांनी मला सांगा, आपण एकत्र शाखेत जाऊ. एकटीला खिडकीवरून परत पाठवतात, दहाजणी गेलो की खुर्ची देतात.