रानवाटेवरील साक्ष

सुटीच्या दिवशी गावाबाहेर पायी फिरावयास जाणाऱ्या मंडळींची एक तक्रार नेहमी कानी येते. "इतके चाललो, पण एकही जनावर दिसले नाही!" तक्रार खरी असली तरी अपुरी आहे. आपल्या रानातील बरेचसे सस्तन प्राणी रात्री संचार करणारे आणि माणसाची चाहूल लागताच दूर होणारे असतात. ते सहसा दिसावयाचे नाहीत. परंतु जाताना प्रत्येक जण आपली साक्ष मागे ठेवून जातो. ती वाचण्यास शिकाऱ्याचे धाडस लागत नाही. सकाळची वेळ आणि थोडा धीर एवढे पुरते.

सकाळची वेळ अशासाठी की, तेव्हा ऊन तिरपे असते आणि ठशाच्या कडांची सावली पडते. तोच ठसा भर दुपारी पायाशी असूनही नजरेस येत नाही. गाडीवाटेची मऊ धूळ आणि ओढ्याकाठची ओलसर वाळू ही या वाचनाची उत्तम पाने होत. तेथे चार बोटांचा, मागे रुंद गादी असलेला वाटोळा ठसा दिसला आणि बोटांपुढे नखे उमटलेली नसली, तर तो बहुधा मार्जारकुळातील प्राण्याचा समजावा. कारण बिबळ्यासारखी जनावरे चालताना नखे आत ओढून घेतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा आणि तरस यांची नखे मातीत उमटतात. त्यांतही तरसाचे पुढचे पाऊल मागच्याहून चांगलेच मोठे असते.

पावलांखेरीज इतरही पुरावा असतो. नदीकाठच्या खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा असेल, तर जवळपास पाणमांजर आहे. वाटेवरील दगडावर फळांच्या बियांनी गच्च भरलेली विष्ठा उदमांजराचे नाव सुचविते. हाडे पचविणाऱ्या तरसाची विष्ठा वाळली म्हणजे खडूसारखी पांढरी दिसते. नांगरल्यासारखी उकरलेली जमीन रानडुकरांची, तर बिळाच्या तोंडाशी पडलेला काळापांढरा काटा आणि कुरतडलेले हाड साळिंदराचे.

मात्र एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, हा कचेरीतील नियम रानातही लागू आहे. ओल्या चिखलात पाऊल पसरते आणि मोठ्या कुत्र्याचा ठसाही भयंकर भासू लागतो. शेताच्या बांधावर असा ठसा दिसावा, कोणी 'बिबळ्या' म्हणावे आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाने दारे लावून घ्यावीत, असे घडू शकते. त्या भीतीपायी मेलेल्या गुरांवर गुजराण करणारे एखादे तरस काठ्यांखाली मरते. याच्या उलट, खरोखरीचा बिबळ्याचा माग कुत्र्याचा म्हणून सोडून दिला, तर अंगणात निजणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. नखे आहेत की नाहीत, एवढे वाकून पाहण्याचे मोल असे मोठे आहे.

वाचणाऱ्याची इच्छा वाचनात कशी शिरते, याचा धडा आपल्या देशाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९७२ साली देशभर वाघांची गणना झाली, तेव्हापासून कित्येक वर्षे ही मोजदाद प्रामुख्याने पाऊलठशांवरून होत असे. एकाच वाघाचे ठसे निरनिराळ्या मातीत निरनिराळे उमटतात, आणि पाहणारा त्यांतून दोन वाघ काढू शकतो. २००५ साली राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. आदल्या वर्षीच्या कागदांत मात्र तेथे वाघ नांदत होते. त्यानंतर देशाच्या गणनेत आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची पद्धत आली. ठशांनी काही खोटे सांगितले नव्हते. त्यांच्याकडून मागितले गेले ते उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

म्हणून फिरावयास निघताना एक लहानशी वही आणि मोजपट्टी जवळ असावी. ठशाची लांबी-रुंदी, स्थळ, दिनांक आणि मातीचा प्रकार टिपून घ्यावा. गावातील मेंढपाळाला किंवा गुराख्याला तो दाखवावा. त्याची नजर आपल्याहून जुनी असते. आणि एवढे करूनही जेथे निश्चय होत नाही, तेथे प्राण्याचे नाव न लिहिता प्रश्नचिन्ह लिहावे. अशी चार-दोन प्रश्नचिन्हे असलेली वही अधिक विश्वासाची समजावी.