बोलणारा, पण न ऐकणारा पाहुणा



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दूरचित्रवाणीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु विजय नगरातील मराठी मंडळी सायंकाळी घराबाहेर पडत नाहीत, ह्याचा विचार मंडळाने करावयाचा नाही, तर कोणी?

माणसे आळशी झाली म्हणून दूरचित्रवाणी पाहतात, हे उत्तर आम्हांला पटत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाकडे हा संच काहीच मागत नाही. नाटकाला जावयाचे, तर तिकीट आणि वाहन हवे. पुस्तकाला एकाग्रता हवी. येथे मात्र भाजी निवडता निवडता कथा कळते. आजी, सून आणि नातू एका खोलीत बसतात. एकट्या वृद्धाला तर त्या नुसत्या आवाजाचीही सोबत वाटते. ही कारणे हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत.

आपल्या बाबतीत आणखी एक कारण आहे. जबलपूर व नागपूर पूर्वी एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात आले, आणि येथली जुनी मराठी कुटुंबे जागच्या जागी परप्रांतीय ठरली. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ तिकडे घरोघरी पोहोचले. त्या प्रक्षेपणाचा पल्ला जबलपूरपर्यंत नव्हता. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, तो हिंदी-इंग्रजीत. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली, तीही आपण हिंदीतच पाहिली. १९९९ साली 'अल्फा मराठी'सारखी उपग्रहवाहिनी आली, तेव्हा कोठे मराठी कुटुंबातील रुसवेफुगवे आपल्या भाषेत, आपल्या दिवाणखान्यात ऐकू येऊ लागले. परगावी राहणाऱ्यास त्या मालिकेपेक्षा त्या बोलण्याचीच ओढ अधिक असते.

परंतु हा पाहुणा बोलतो. ऐकत मात्र नाही. त्याच्यामुळे मुलांना मराठी कळते, बोलता येत नाही. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. आणि उत्तर मिळाले ह्यातच आपण समाधान मानतो. भाषा कानावाटे येते खरी, पण ती टिकते जिभेवर. आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आल्यापासून एका खोलीतील ती बैठकही मोडू लागली आहे.

म्हणून संच बंद करा, असे आमचे सांगणे नाही. मालिका सर्वांनी मिळून पाहावी; ती संपल्यावर पाव तास संच बंद ठेवावा, आणि पुढे काय होईल ते नातवाने आजीला मराठीत सांगावे. तो चुकेल, चुकू द्यावे. हसून त्याचे तोंड मात्र बंद करू नये.

मंडळानेही ह्या पाहुण्याकडून थोडे शिकावे. दूरच्या सभागृहातील तीन तासांच्या कार्यक्रमासाठी दमलेला माणूस येणार नाही. महिन्यातून एकदा विजय नगरातीलच एखाद्या घरी, वृद्धांना चालत येता येईल अशा अंतरावर, तासाभराची बैठक भरवावी. तेथे व्याख्याता नसला तरी चालेल. प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, चार वाक्ये बोलावीत. आपले बोलणे ऐकून घेणारे कोणी तरी आहे, एवढे कळले की माणसे घराबाहेर पडतील. तेवढे एक काम त्या संचाला कधीच साधणारे नाही; ते मंडळाने करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.