बदलते काम आणि शिकण्याचा खर्च



कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाच्या नोकऱ्या हिरावून घेईल काय, या प्रश्नाने आज सुशिक्षित तरुणवर्ग अस्वस्थ आहे. लिपिकवर्गीय पदांसाठी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ही चिंता अधिक जवळून भेडसावते. ती निराधार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या तंत्रज्ञानाचा सर्वाधिक प्रभाव लिपिकवर्गीय कामांवर पडणार आहे. मात्र बहुतेक व्यवसायांत काम नाहीसे होण्याऐवजी त्याचे स्वरूप बदलेल, असेही त्यात म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये जगातील सुमारे ४० टक्के रोजगार या प्रभावाखाली येतील, असा अंदाज वर्तविला.

प्रभावाखाली येणे म्हणजे नोकरी जाणे नव्हे, हे खरे. परंतु काम बदलले की ते नव्याने शिकावे लागते. त्या शिकण्याचा वेळ आणि खर्च कोणी सोसायचा, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे. त्याचे उत्तर शोधताना कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचा इतिहास उपयोगी पडतो.

किल्ल्याच्या नावाचे महाविद्यालय

हुगळीच्या काठावरील फोर्ट विल्यम हे आज लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नामांतर 'विजय दुर्ग' असे झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून हे नाव घेण्यात आले. याच किल्ल्याच्या नावाने लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० साली फोर्ट विल्यम महाविद्यालय स्थापन केले. त्याचे वर्ग मात्र किल्ल्यात नव्हे, तर रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत.

'रायटर' म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा कनिष्ठ कारकून. पत्रांच्या नकला करणे आणि हिशेब लिहिणे हे त्याचे मूळ काम. कंपनीच्या हाती राज्य आल्यावर त्याच कारकुनांना न्यायदान आणि महसूल वसुली करावी लागली. त्यांचे काम मुळापासून बदलले होते. त्यासाठी वेलस्ली यांनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचा भार कंपनीवर टाकला. लंडनच्या संचालकांनी खर्चाबद्दल नापसंती दर्शविली, तरी भाषाशिक्षणाचे हे केंद्र १८५४ पर्यंत टिकून राहिले.

खिळे आणि लेखणी

या महाविद्यालयात विल्यम केरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेले मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले. १८१० साली मोडी खिळ्यांचा वापर केलेला मराठी कोशही तेथेच छापला गेला. या छापखान्यासाठी अक्षरे कोरणारे पंचानन कर्मकार हे कुशल कारागीर. त्यांनी ही विद्या आपले जावई मनोहर यांना दिली आणि त्यातून एक नवा व्यवसाय उभा राहिला.

मुद्रणामुळे व्यवसाय निर्माण झाले, तसे पोथ्यांच्या नकला करून उपजीविका करणाऱ्यांचे कामही हळूहळू ओसरले. पुढे मराठी मुद्रणात बाळबोध लिपी स्थिरावली आणि मोडी मागे पडली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदपत्रे वाचण्यासाठी मोडीचे जाणकार मुद्दाम तयार करावे लागतात. कंपनीच्या कारकुनांना नवे काम शिकविण्यासाठी सरकारी खर्चाची संस्था होती. नकला करणाऱ्या लेखनिकांसाठी तशी कोणतीही व्यवस्था नव्हती. तंत्रज्ञानाचा लाभ समाजाला झाला, पण त्याची किंमत मूठभरांनी एकट्याने चुकविली.

इलाको हाऊसचा पहारा

भारतातील पहिला संगणक १९५५-५६ च्या सुमारास कोलकात्याच्याच भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. दहा वर्षांनंतर याच शहरात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊस येथे संगणक बसू नये म्हणून पहारा दिला. त्या विरोधाकडे केवळ अडाणीपणा म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. आपल्या कामाचे पुढे काय, या प्रश्नाला त्यांना विश्वासार्ह उत्तर हवे होते.

देशभरातील अशा वादांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली सादर झाला. बँकांच्या यांत्रिकीकरणाला दिशा देणारा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ सालचा आहे. म्हणजे यंत्र आणि रोजगार यांचा मेळ घालण्याचा प्रश्न भारतीय धोरणकर्त्यांना नवा नाही.

पंधरा दिवसांचे वेतन

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार कामगार कपातीस कारणीभूत ठरू शकणारे तांत्रिक बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना आवश्यक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ही तरतूद कायम आहे. शिवाय संहितेने कामगार पुनर्कौशल्य निधीची भर घातली आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत द्यावयाची असून, कपातीपासून ४५ दिवसांच्या आत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे.

शिकण्याच्या खर्चात मालकाचाही वाटा असावा, हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि वेलस्ली यांनी कारकुनांना तीन वर्षे देऊ केली होती. आजच्या कामगाराला मिळणारे साहाय्य पंधरा दिवसांच्या वेतनाएवढे आहे. तसेच जे पद भरलेच जात नाही, त्या पदाची वाट पाहणाऱ्या उमेदवाराला या निधीचा उपयोग नाही. कपात न होताही रोजगाराची संधी आटू शकते.

७ मार्च २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १० हजार ३०० कोटी रुपयांहून अधिक तरतुदीच्या 'इंडिया एआय मिशन'ला मंजुरी दिली. संगणनक्षमता, माहितीसंच, नवउद्योगांना अर्थसाहाय्य, सुरक्षित वापर यांबरोबर भावी कौशल्ये हाही त्याचा एक आधारस्तंभ आहे. या मिशनचे यश मोजताना किती यंत्रे उभी राहिली, एवढेच पाहून भागणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अभ्यासिकेत बसणाऱ्या उमेदवारापर्यंत आणि मध्यम वयात काम गमावलेल्या लिपिकापर्यंत प्रशिक्षण पोहोचले का, हेही तपासावे लागेल. उद्या तुमच्यापैकी अनेकजण प्रशासनात जातील, तेव्हा एखाद्या कार्यालयात नवे यंत्र आणण्याचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर येईल. त्यात यंत्राच्या किमतीसोबत माणसांना शिकविण्याचा खर्चही मांडलेला आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी तुमची असेल.