घरच्या घरीं ध्वनिमुद्रण

भुसावळ जंक्शनपासून थोड्याच अंतरावर दीपनगर ही वीजकेंद्राची वसाहत आहे. नांवाप्रमाणेंच दिवे लावणें हा ह्या गांवाचा व्यवसाय. कोळशाच्या आगगाड्या येतात, टर्बाइनें फिरतात आणि पांचपांचशें मेगावॉटच्या संचांतून निघालेली वीज दूरदूरच्या गांवीं जाते. अशा ठिकाणीं शांतता शोधावयास कोणी जाणार नाहीं. परंतु घरच्या घरीं गाणें मुद्रित करण्याची ज्याला इच्छा आहे, त्याला सर्वांत आधीं शांतताच शोधावी लागते. आणि ती जेथें सहज मिळत नाहीं तेथेंच तिची किंमत कळते. म्हणून ह्या विषयाचा विचार दीपनगरांतील एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडावरून करणें सोयीचें होईल.

खानदेशांतील घरांना अशा मुद्रणाचें कारण केवळ हौस एवढेंच नाहीं. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली अशा बोलींतून येथील बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या; आखाजीचीं, गुलाबाईचीं, कानबाईचीं गाणीं म्हटलीं. पुढें पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें आणि ओवी म्हणण्याचें निमित्तच नाहींसें झालें. ज्यांना त्या ओव्या येतात त्या आज आजी-पणजीच्या वयाच्या आहेत.

ह्याच मुलखांत, असोदें येथें, १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरांत व शेतांत राबतांना त्यांना सुचलेलीं गाणीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव व सोपानदेवांचे मावसबंधु पितांबर चौधरी ह्यांनीं कागदावर उतरून घेतलीं. १९५१ च्या डिसेंबरांत बहिणाबाई वारल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह त्या गाण्यांचें पुस्तक निघालें. दोघां तरुणांनीं वेळींच लेखणी हातीं घेतली म्हणून शब्द वांचले. परंतु कागदाला चाल धरून ठेवतां येत नाहीं. कोणत्या अक्षरावर स्वर लांबला, श्वास कोठें घेतला, शब्द उच्चारतांना आवाज कोठें जड झाला, हें सांगणें लेखणीच्या शक्तीबाहेरचें आहे.

तें काम यंत्रानें होऊं शकतें ह्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हां ह्या अभ्यासकांनीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या; आणि १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्यानें त्यांतील हजारों ओव्या प्रत्यक्ष गायिकांच्या आवाजांत मुद्रित झाल्या. त्यांपैकीं कित्येक गायिका आतां हयात नाहींत. आवाज मात्र कोणालाहि ऐकतां येतो. असें कार्य एका संस्थेनें सगळ्या मुलखासाठीं करावें ही अपेक्षा ठेवण्यापेक्षां प्रत्येक घरानें आपल्या घरापुरतें करावें हें अधिक शक्य आहे.

एके काळीं हें अशक्य होतें. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गाइसबर्ग ह्यांनीं कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां भल्या मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे, तबकडीवर सुमारें तीनच मिनिटें मावत, आणि मेणाचे ठसे जहाजानें जर्मनींत हॅनोव्हरला पाठवून तबकड्या तयार होऊन येत. १९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना निघाला. पुढें चुंबकीय फीत आली आणि १९६३ सालीं फिलिप्सनें लहान कॅसेट काढली; तेव्हांपासून मुद्रण घरांत शिरलें. आज खिशांतल्या फोनमध्यें मुद्रणयंत्र आहे, आणि संगणकावर मुद्रण व मिश्रण करणारी ऑडॅसिटी ही प्रणाली इ. स. २००० पासून कोणासहि विनामूल्य मिळते. राहिला प्रश्न तो जागेचा, कानांचा आणि पैसा कोठें खर्चावयाचा व कोठें वांचवावयाचा ह्या विवेकाचा.

प्रथम जागेचा विचार. नवशिका मनुष्य आधीं मायक्रोफोन आणतो व मग तो कोठें ठेवावा हें पाहतो. क्रम उलटा पाहिजे. खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत नाद उमटला तर भिंती आवाज परत फेंकीत आहेत असें समजावें. रिकाम्या खोलींत मुद्रित केलेला आवाज विहिरींतून आल्यासारखा वाटतो तो ह्याच कारणानें, आणि एकदां मुद्रित झालेला हा दोष पुढें कोणत्याहि युक्तीनें पुरता निघत नाहीं. उपाय मात्र स्वस्त आहे. भिंतीपासून चार बोटें दूर दोरीवर टांगलेल्या दोन जाड गोधड्या, खालीं सतरंजी, गायकाच्या पाठीमागें उभी केलेली कापसाची गादी आणि एका भिंतीस पुस्तकांचें किंवा कपड्यांचें उघडें कपाट, एवढ्यानें टाळीचा झणकार बराच विरतो. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीस चिकटविण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. तिचा उपयोग फारसा नाहीं. पातळ पुठ्ठा थोडेसे उंच स्वर शोषतो आणि बाकीचे तसेच सोडून देतो.

खर्जाच्या स्वरांची गोष्ट निराळी. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचें अंतर असेल तर सेकंदास सुमारें ५७ कंपनांचा स्वर, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे स्वर, त्या दोन भिंतींमध्यें घुमत राहतात. खोलीच्या कोपऱ्यांत ढोलकीचा घुमारा दुप्पट वाटतो व मध्यभागीं नाहींसा होतो तो ह्यामुळें. म्हणून गायकाला कोपऱ्यांत किंवा खोलीच्या अगदीं मध्यावर बसवूं नये. कोपऱ्यांत गुंडाळलेल्या गाद्या उभ्या कराव्या.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. गोधडी खोलींतला प्रतिध्वनि मारते; बाहेरचा आवाज ती अडवीत नाहीं. कोळशाची गाडी, रस्त्यावरचा ट्रक आणि शेजारचा कुकर ह्यांना अडवावयास जड भिंत आणि फटी नसलेलें दार लागतें, आणि तें भाड्याच्या किंवा सरकारी बिऱ्हाडांत करतां येत नाहीं. दाराखालची फट जुन्या कापडाच्या गुंडाळीनें बुजवावी आणि बाकीचें काम घड्याळावर सोपवावें. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंखा व कूलर बंद करून दुपारीं गाणें हा छळच होय. पहांटे चारच्या सुमारास मात्र कूलर बंद ठेवतां येतो, रहदारी थांबलेली असते आणि शेजार झोपलेला असतो. ज्या वेळीं जात्यावर ओवी म्हटली जाई, नेमकी तीच वेळ मुद्रणास उत्तम ठरते.

दुसरा शत्रु वीज. वीजकेंद्रांतील टर्बाइन मिनिटास ३००० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास ५०. आणि म्हणून घरोघरच्या विजेचा प्रवाहहि सेकंदास ५० आवर्तनें करतो. ट्रान्सफॉर्मरचा जो घुंकार ऐकूं येतो तो ह्याच्या दुप्पट, १०० कंपनांचा असतो. हाच घुंकार तारांतून व उपकरणांतून मुद्रणांत शिरतो. त्यावर तीन उपाय आहेत. मुद्रणाच्या वेळीं संगणकाचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. मायक्रोफोनची तार तीन पदरी, म्हणजे बॅलन्स्ड जातीची घ्यावी, कारण तिच्या दोन वाहकांत सारखाच शिरलेला घुंकार शेवटीं परस्परांत वजा होतो. आणि ती तार विजेच्या तारेला समांतर नेऊं नये. घुंकार घालविण्यासाठीं कित्येक जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसें कधींहि करूं नये. अर्थिंग मनुष्याच्या जीवासाठीं आहे.

आतां सामग्री. संगणक घरांत आहे असें धरलें, तर एक चांगला मायक्रोफोन, एक लहान ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झांकणारा एक हेडफोन, तार व उभा दांडा, एवढी सामग्री आजच्या बाजारभावानें सुमारें २० ते २५ हजार रुपयांत होते. मायक्रोफोनच्या दोन मुख्य जाति आहेत. कंडेन्सर हा फार तीक्ष्ण कानाचा. शांत खोलींत तो गळ्यांतली बारीक हरकतहि टिपतो, पण शेजारचा कुकरहि टिपतो. डायनॅमिक हा थोडा जड कानाचा. जवळचें ऐकतो, दूरचें सोडतो. दीपनगरसारख्या ठिकाणीं पहिला मायक्रोफोन डायनॅमिक असावा हें उघड आहे. तो तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरावा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ ह्या अक्षरांबरोबर श्वासाचा जो धक्का बसतो तो थोपविण्यास भरतकामाच्या गोल चौकटीवर ताणलेला जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा पुरतो.

मुद्रण २४ बिटांचें करावें. प्रत्येक बिटामागें सुमारें ६ डेसिबलचा अवकाश मिळतो. म्हणून १६ बिटांत जेथें ९६ डेसिबल मिळतात तेथें २४ बिटांत १४४ मिळतात. ह्या सवलतीमुळें आवाज मापकाच्या टोंकापर्यंत चढविण्याची गरज उरत नाहीं. सर्वांत उंच स्वर उणें १२ डेसिबलच्या आसपास राहील असें ठेवावें. हळू मुद्रित झालेला स्वर पुढें वाढवितां येतो. फाटलेला स्वर सांधतां येत नाहीं.

परंतु यंत्रें नीट लावलीं म्हणजे गाणें मिळालेंच असें नाहीं. समजा, त्या बिऱ्हाडांतल्या नातवानें तापीकांठच्या गांवाहून आजीला आणलें, गोधड्या टांगल्या, मायक्रोफोन मांडला आणि म्हटलें, “आजी, तूं दळतांना म्हणायचीस तशी ओवी म्हण.” पुष्कळदां असें होतें कीं आजीला एकहि ओळ आठवत नाहीं. तिची ओवी डोक्यांत नसून हातांत असते. खुंटा फिरे तेव्हां ती फिरे. अशा वेळीं तिच्यापुढें सुपांत थोडे गहूं निवडावयास द्यावे, किंवा गांवींच जाऊन तिला जुन्या जात्यापाशीं बसवावें. निवडण्याची सळसळ किंवा जात्याची घरघर मुद्रणांत आली तर ती येऊं द्यावी. तो त्या गाण्याचाच भाग आहे. आणि मुद्रण सुरू करण्यापूर्वीं, हें कोणाला ऐकवावयाचें आहे तें तिला सांगून तिची संमति घ्यावी. सासरच्या दुःखाच्या ओव्या पुष्कळ असतात. त्या साऱ्या जगानें ऐकाव्या असें तिला वाटेलच असें नाहीं.

मिश्रण, म्हणजे निरनिराळे मुद्रित आवाज योग्य प्रमाणांत एकत्र करणें, ही स्वयंपाकासारखी कला आहे. मसाला अधिक झाला कीं भाजीची चव जाते. एकट्या स्त्रीच्या आवाजास फारच थोडें लागतें. ८० कंपनांखालचे स्वर गाळून टाकले कीं ५० चा घुंकार व दूरच्या गाडीचा खडखडाट बराचसा जातो. १०० चा उरलेला घुंकार त्याच स्वरापुरती बारीक चाळण लावून कमी करावा. कृत्रिम प्रतिध्वनि घालण्याचा मोह आवरावा. ढोलकी किंवा पेटी निराळी मुद्रित केली असेल तर आधीं शब्द स्पष्ट ऐकूं येईल असा कंठस्वर ठेवावा आणि वाद्यें त्याच्या खालीं बसवावीं. हें काम हळू आवाजांत करावें, दर अर्ध्या तासानें कानांस विसांवा द्यावा, आणि झालेलें मिश्रण साध्या फोनवर, शेजाऱ्याच्या स्पीकरवर व मोटारींत ऐकून पहावें. एकाच हेडफोनवर गोड वाटणारें मिश्रण इतरत्र पुष्कळदां पोकळ निघतें.

शेवटीं जतन. मूळ मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपांतच ठेवावें. एमपी-थ्री ही वाटण्याची प्रत आहे, ठेवण्याची नव्हे. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं गाणारीचें नांव, गांव, बोली व तारीख मोठ्यानें म्हणावी, म्हणजे ओळख आवाजापासून सुटत नाहीं. तीन प्रती कराव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक दुसऱ्या घरीं असावी. शब्द वहींतहि उतरून ठेवावे. सोपानदेव व पितांबर ह्यांची ती जुनी रीत यंत्रामुळें निरुपयोगी झालेली नाहीं. ध्वनि आणि लेख ह्यांनीं एकमेकांस आधार द्यावयाचा आहे.

आणि ही सारी सामग्री जमेपर्यंत वाट पाहत बसूं नये. पैसे पुढच्या वर्षींहि मिळतील, मायक्रोफोन आणखी स्वस्त होतील. परंतु नव्वदीच्या आजीचा कंठ पुढच्या वर्षीं असाच राहील असें कोणी सांगावें? हातांतला फोन विमानांतल्यासारखा मूक करावा, तो तिच्यापासून हातभर अंतरावर दुमडलेल्या गोधडीवर ठेवावा, पंखा बंद करावा आणि उद्यां पहांटे तिला म्हणूं द्यावें. खोली मागाहून सजवितां येईल.