बेवारस यंत्रे

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. पुस्तक कोणी नेले आणि ते कोणत्या तारखेपर्यंत परत यायचे हे वहीत लिहिण्याची शिस्त या परिसराला तेव्हापासूनची आहे. वर्षभराच्या घडामोडींचा आढावा घेणे हे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या संगणक-व्यवस्थापकांच्या या परिषदेच्या अध्यक्षाचे कर्तव्य आहे. मात्र यंदाचा आढावा एका प्रश्नापाशी थांबणार आहे, कारण तो प्रश्न परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेवर शेवटी ठेवला जातो आणि वेळेअभावी पुढच्या वर्षावर ढकलला जातो. तो प्रश्न असा की, सार्वजनिक क्लाउडवर उभ्या केलेल्या यंत्राचा पालक कोण?

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. एका मोठ्या सर्व्हरचे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे सॉफ्टवेअरच्या साह्याने वाटे पाडून, प्रत्येक वाटा स्वतंत्र संगणकासारखा वागेल अशी जी रचना केली जाते तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. असे वाटे कोणालाही वापराच्या हिशेबाने भाड्याने देणारी सेवा म्हणजे सार्वजनिक क्लाउड. आणि एक किंवा अनेक क्लाउडवरील खाती एकत्र जोडून, कोणाला कोणते यंत्र, केवढे, कोणत्या जाळ्यात आणि कोणाच्या मंजुरीने मिळावे हे एका जागेवरून ठरवणारी प्रणाली म्हणजे व्यवस्थापन मंच, ज्याला कार्यालयांत सरसकट 'पोर्टल' म्हटले जाते. ॲमेझॉनने अशी यंत्रे भाड्याने देणारी 'ईसी२' ही सेवा २००६ मध्ये सुरू केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपापली क्लाउड केंद्रे उघडली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले आणि सरकारी खात्यांनाही ही वाट मोकळी झाली. ऐरोली, रबाळे आणि महापे या ठाणे जिल्ह्यातीलच औद्योगिक पट्ट्यात आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तेव्हा नाव ढगाचे असले तरी हा व्यवसाय याच जिल्ह्याच्या जमिनीवर आणि विजेवर चालतो, आणि त्यातील माणसेही पहाटेच्या लोकलने येथील स्थानकांवरून निघतात.

मंचावरून यंत्र कसे उभे राहते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मंच प्रथम क्लाउडच्या खात्याशी जोडला जातो. ही जोडणी गुप्त किल्लीने होते किंवा, अधिक सुरक्षितपणे, ठरावीक कामापुरता आणि ठरावीक वेळेपुरता अधिकार देणाऱ्या 'रोल'च्या साह्याने होते. नंतर ऑपरेटिंग सिस्टिम भरून तयार ठेवलेला साचा, म्हणजे 'इमेज', निवडला जातो. यंत्राचे आकारमान ठरते. अंतर्गत जाळ्यातील कोणत्या विभागात, म्हणजे 'सबनेट'मध्ये, ते बसेल हे ठरते. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पोर्टला प्रवेश द्यायचा याचे फायरवॉलचे नियम लावले जातात आणि लॉगिनची किल्ली जोडली जाते. ही मागणी मंच क्लाउडच्या एपीआयकडे, म्हणजे एका प्रणालीने दुसरीला काम सांगण्याच्या ठरलेल्या मार्गाने, पाठवतो. यंत्र सुरू होते आणि पहिल्याच बूटच्या वेळी 'क्लाउड-इनिट' नावाचा प्रोग्राम सोबत आलेल्या सूचना वाचून यंत्राचे नाव लावतो, वापरकर्ते तयार करतो आणि लागणारी पॅकेजे बसवतो. जे काम पूर्वी निविदा, खरेदी, वाहतूक आणि रॅकमधील जोडणी यांत आठवडे खाई, ते आता चहा निवेपर्यंत उरकते. या सोयीचे मोल कोणीही नाकारू नये.

उणीव निराळ्या ठिकाणी आहे. अनेक कार्यालयांतील मंचाच्या अर्जात आकारमानाचा रकाना सक्तीचा असतो, इमेजचा असतो, सबनेटचा असतो. परंतु यंत्राचा पालक कोण, ते कशासाठी उभे केले आणि कोणत्या तारखेला ते संपवायचे, हे तीन रकाने एकतर नसतात किंवा रिकामे सोडले तरी अर्ज पुढे सरकतो. यासंदर्भात जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा या व्यवसायाने अभ्यासण्यासारखा आहे. त्या कायद्याने जन्म आणि मृत्यू या दोन्ही नोंदी एकाच व्यवस्थेत बांधल्या, खबर देण्यासाठी मुदत घातली (त्याखालील नियमांनुसार आज ती साधारण २१ दिवसांची आहे) आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खबर कोणी द्यायची हेही सांगितले: घरात घटना घडली तर कुटुंबप्रमुखाने, रुग्णालयात घडली तर तेथील प्रभारी अधिकाऱ्याने. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभी नागरी सुविधा केंद्रातून असे दाखले संगणकावर देण्यास सुरुवात केली आणि तिची ई-प्रशासन प्रणाली राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी नमुना ठरली. ज्या शहराने माणसांच्या नोंदवहीचा आदर्श घालून दिला, त्याच शहरातील तंत्रज्ञांनी यंत्रांच्या केवळ जन्माची नोंद ठेवावी आणि पालक व मृत्यू हे दोन्ही रकाने कोरे ठेवावेत, ही खेदाची बाब आहे.

या परिषदेच्या चर्चासत्रांत तीन वाद सातत्याने झडतात. पहिला वाद असा की, यंत्रे पोर्टलवरील अर्जाने उभी करावीत की टेराफॉर्मसारख्या साधनात लिहिलेल्या कोडने. दोन्ही पक्ष विद्वान आहेत आणि दोन्ही पक्षांकडे भरपूर आलेख आहेत. पण प्रस्तुत वक्त्याचा दीर्घ अनुभव हा वादच गौण ठरवतो. वागळे इस्टेटमधील एका कार्यालयात दोन्ही पद्धती एकाच वेळी नांदत होत्या. क्लाउडचे बिल आणि नोंदी ताडून पाहताना वक्त्याला असे एक यंत्र आढळले, जे पोर्टलच्या यादीत नव्हते आणि कोडमध्येही नव्हते. एका रात्रीच्या अडचणीत कोणीतरी थेट क्लाउडच्या कॉन्सोलवरून ते उभे केले होते. त्याचे नाव 'टेस्ट-२-न्यू' होते, लॉगिनचे २२ क्रमांकाचे पोर्ट साऱ्या जगाला उघडे होते आणि लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून दार ठोठावल्याच्या नोंदींची रीघ लागली होती. उभे करणारा तरुण नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेला होता आणि यंत्र चौदा महिने भाडे खात होते. अर्ज असो वा कोड, वहीबाहेर जन्मलेल्या यंत्राचा पत्ता दोघांनाही लागत नाही. म्हणून मंचाची नोंद आणि क्लाउडवरील वस्तुस्थिती यांचा मेळ रोज घातला गेला पाहिजे, आणि टॅगवर, म्हणजे यंत्राला जोडलेल्या ओळखचिठ्ठीवर, पालकाचे नाव नसेल तर क्लाउडच्या धोरण-नियमानेच त्या यंत्राचा जन्म नाकारला पाहिजे.

दुसरा वाद इमेजचा आहे: सर्व काही आधीच भरलेला साचा ठेवावा, की साधी इमेज घेऊन उरलेले काम क्लाउड-इनिटवर सोपवावे. भरलेल्या साच्याने यंत्र लवकर उभे राहते, तर साध्या इमेजवर ताज्या सुधारणा बसवणे सोपे जाते, हे दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे आहे. परंतु प्रस्तुत वक्त्याने एकदा एका भरलेल्या साच्याची तपासणी केली तेव्हा, दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या माणसाची लॉगिन किल्ली त्यात तशीच राहिलेली दिसली. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नव्या यंत्राला ती किल्ली वारशाने मिळत होती. त्या माणसाच्या मनात काहीही वाईट नव्हते आणि त्याला हे ठाऊकही नव्हते. दोष त्याचा नव्हता. साच्याला पालक आणि मुदत नव्हती, हा दोष होता.

तिसरा वाद सर्वांत कडवा आहे, आणि त्यात प्रस्तुत वक्त्याला स्वतःच्या चुकीची कबुली द्यावी लागते. मुदत संपलेले यंत्र आपोआप बंद करावे असे काहींचे मत आहे, तर चालते काम बंद पडेल या भीतीने इतर जण त्याला विरोध करतात. अनेक वर्षांपूर्वी याच वक्त्याने, सर्वांना ईमेल पाठवून, कोणाचे उत्तर आले नाही म्हणून एक बेवारस यंत्र डिस्कसह काढून टाकले. ते यंत्र वर्षातून एकदाच, मार्चअखेरीस, हिशेब विभागाच्या उपयोगाला येत असे. त्या विभागातील दोन भगिनींनी कागदांवरून साऱ्या नोंदी पुन्हा भरण्यासाठी पुढच्या कित्येक रात्री शेवटची लोकल गाठली आणि एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांचे ते मौन आजवर विसरता आलेले नाही. बेवारस यंत्र ठेवले तर धोका आणि काढले तरी धोका, हे त्या प्रसंगाने शिकवले. म्हणूनच मुदत संपताच थेट काढणे नव्हे, तर पालकाला पूर्वसूचना, नंतर यंत्र थांबवणे, नंतर डिस्कची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, जपून ठेवणे आणि अखेरीस काढणे, असा क्रम मंचातच बांधला पाहिजे. पालक म्हणून व्यक्तीसोबत पदाचेही नाव लिहिले पाहिजे, म्हणजे माणूस गेला तरी जबाबदारी पदाकडे राहते.

येथे एक गैरसमजही दूर करणे आवश्यक आहे. यंत्र थांबवले म्हणजे खर्च थांबला, असे अनेक विभागप्रमुख मानतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर यंत्र आतून बंद केले तरी, क्लाउडकडे त्याची जागा सोडून दिल्याशिवाय, भाडे चालूच राहते. ॲमेझॉनवर थांबलेल्या यंत्राचे भाडे थांबते, पण डिस्कचे थांबत नाही, आणि सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी तर १ फेब्रुवारी २०२४ पासून सरसकट तासाला ०.००५ डॉलर आकारले जातात. यंत्र काढून टाकले तरी मागाहून जोडलेल्या डिस्क बहुधा तशाच मागे राहतात. पैशाहून मोठी बाब कायद्याची आहे: संगणक सुरक्षेसाठीच्या 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ज्या यंत्राचा पालकच ठाऊक नाही, त्याची खबर सहा तासांत कोण देणार?

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार या सभागृहातील अनेकांना आठवत असेल. कळवा-पडघा वाहिन्यांवरील बिघाडानंतर सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी ज्या कार्यालयांचे निम्मे काम स्वतःच्या सर्व्हर-खोलीत आणि निम्मे क्लाउडवर होते, तेथे एकच प्रश्न विचारला जात होता: बॅटरी संपण्यापूर्वी आधी कोणते यंत्र वाचवायचे, कोणते क्लाउडवर हलवायचे आणि कोणते बंद पडू द्यायचे? ज्यांच्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे पालक आणि प्रयोजन लिहिलेले होते, त्यांना उत्तर फोनच्या एका फेरीत मिळाले; ज्यांच्या यादीत केवळ क्रमांक होते, ते अंधारात सहकाऱ्यांना शोधत राहिले. क्लाउड पुरवठादार एकाच प्रदेशात वीज आणि जाळे वेगवेगळे असलेले अनेक विभाग ठेवतात, ज्यांना 'अव्हेलेबिलिटी झोन' म्हणतात. पण कोणते यंत्र दोन झोनमध्ये ठेवण्याच्या मोलाचे आहे, हा निर्णय कोणताही पुरवठादार देऊ शकत नाही. तो ज्याचे त्यानेच द्यायचा असतो.

जुन्या सर्व्हर-खोल्यांत प्रत्येक पेटीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली असे आणि तिच्यावर मार्करने विभागाचे, प्रमुखाचे आणि कामाचे नाव लिहिलेले असे. नवा मुलगा कामावर रुजू झाला की त्याला पहिल्या दिवशी त्या पट्ट्या वाचायला लावत, आणि त्या वाचनातून त्याला यंत्रांइतकीच माणसेही कळत. गारवा, पंख्यांचा आवाज आणि त्या पट्ट्या हे सारे आता मागे पडले आहे. पट्टीची जागा ज्या टॅगने घ्यायची, तो मात्र कोरा राहिला आणि नव्या मुलांना यंत्रामागचा माणूस भेटेनासा झाला. ही हानी कोणत्याही मासिक बिलात दिसत नाही, म्हणूनच तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. परंतु या व्यवसायाची प्रतिष्ठा किती यंत्रे उभी केली यावर नव्हे, तर उभ्या केलेल्या यंत्रांची जबाबदारी किती निष्ठेने वाहिली यावर ठरली पाहिजे.

येत्या वर्षात परिषदेने मंचासाठी एक नमुना-अर्ज तयार करावा, त्यातील रकाने आणि सूचना मराठीत असाव्यात, संज्ञांची एक छोटी सूची सिद्ध व्हावी आणि लहान पतसंस्था, शाळा व दवाखाने यांच्या तंत्रज्ञांसाठी शनिवारचे वर्ग भरावेत, असा मानस आहे. तपशील कार्यकारिणी यथावकाश ठरवील. तोवर प्रत्येक सदस्याकडून एकच अपेक्षा आहे. स्थानकावर दिवसभर ऐकू येणारी घोषणा बेवारस वस्तूला हात न लावता ती कळवण्यास सांगते. त्याच धर्तीवर उद्या सकाळी कार्यालयात गेल्यावर आपल्या मंचावरील यादी उघडावी, पालकाचा रकाना कोरा असलेली यंत्रे वेगळी काढावीत, त्यांना हात लावण्यापूर्वी त्यांच्याविषयी विचारणा करावी, आणि विचारूनही ज्याचा वारस सापडणार नाही अशा प्रत्येक यंत्रापुढे, त्याचा प्रश्न सुटेपर्यंत, स्वतःचे नाव लिहावे.